बडोद्यात चार दिवस, शंखाच्या पाठी

गुरुवार

रात्रीची गाडी पहाटेच बडोद्याला उतरवते. झोप मात्र पालघरच्या आसपास कुठेतरी राहून जाते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ठाण्याहून निघताना घरात पंखा चालू होता आणि इथे स्टेशनबाहेर रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून चहा पीत उभे. ‘दांडिया बाजार’ म्हटल्यावर रिक्षावाल्याने मराठीतच विचारलं, "कुठल्या गल्लीत सोडू?" काळा घोडा गेला, विश्वामित्रीचा पूल गेला (खाली मगरी असतात म्हणे, मला आजवर एकही दिसलेली नाही) आणि मावशीचं दार आलं.

"शांतीने बस," काका म्हणाले. "घाई काय आहे ने."

या घरात चार पिढ्या गायकवाडांच्या चाकरीत गेल्या. मराठी अस्सल आहे, पण गुजराती तिच्यात मिठासारखी विरघळलेली. बाहेरच्याला चव लागते, घरच्यांना नाही.

मला बोलावलं होतं ते शंखासाठी. बारा वर्षांपूर्वी काकांनी एका यात्रेच्या गावातून दक्षिणावर्ती, म्हणजे उलट वळणाचा दुर्मीळ, शंख आणला, एकवीस हजार मोजून. समोरच्या घरातले गृहस्थ दर दिवाळीला फराळ खाता खाता म्हणतात, "प्लास्टरचा असेल हो." काकांना ते लागतं. मी वेंगुर्ल्यात वाढलो आणि ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे शंखांतला जाणकार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "तू फक्त बघ आणि खरा आहे म्हणून सांग." निकाल लागलेला होता, साक्षीदार तेवढा हवा होता.

देवघरात शंख दोन. एक पितळी कासवाच्या अडणीवर, जुन्या दातासारखा पिवळट झालेला. तो काकांच्या आजोबांनी ओख्याहून आणलेला. दुसरा लाल मखमलीवर, पांढराफेक, अंगावर तपकिरी रेघा, पोटाने रुंद. तोच तो एकवीस हजारांचा. पूजा व्हायची होती म्हणून हात लावू दिला नाही. "शनिवारी बघ. शांतीने."

आजोबांची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. द्वारका आणि ओखा हा सगळा ओखामंडळाचा टापू बडोदे संस्थानाचा. नकाशात पाहिलं तर राजधानी इथे आणि हा तुकडा पार सौराष्ट्राच्या शेपटीला. सयाजीरावांनी तिथे बंदर बांधलं, ते १९२६ साली सुरू झालं आणि आजोबा तिथे कारकून म्हणून गेले. समोरच्या बेटद्वारकेचं जुनं नाव शंखोद्धार. पंचजन दैत्याला मारून कृष्णाने पांचजन्य मिळवला, ती कथा याच किनाऱ्याशी जोडतात. कथा बाजूला ठेवली तरी नाव उगाच पडलेलं नाही. कच्छच्या आखातात शंख पूर्वापार मिळत आलेत. आज तिथून कुणी उचलून आणावा म्हटलं तर कठीण आहे, कारण आखाताच्या दक्षिण किनाऱ्याचा मोठा भाग १९८२पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे.

रात्री उंधियो होता. जेवताना ह्यूस्टनहून निनादचा, माझ्या मावसभावाचा, व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. त्याने नेहमीप्रमाणे ताटं दाखवायला लावली आणि मग उसासे टाकले. फोन ठेवल्यावर मी बोलायला नको ते बोललो. म्हणालो, "काका, आतला प्राणी खातात, माहितीय ना? तमिळनाडूत."

मावशीचा हात तुपाच्या चमच्यावर थांबला.

"शंखातला?"

"शंखातलाच. मी खाल्लाय."

खरंच खाल्लाय. कॉलेजच्या सहलीत, रामेश्वरमजवळ एका कोळ्याच्या घरी. समुद्रातून निघालेला शंख आपल्याला ओळखू येणार नाही. वर तपकिरी, खरखरीत साल असते, सुकलेल्या चिखलासारखी. ती खरवडली की खाली आपला चिनीमातीसारखा पांढरा. हा प्राणी वाळूत अर्धामुर्धा पुरलेला राहतो, वाळूतले किडे खातो आणि धोका वाटला की पाय आत ओढून दार लावून घेतो. दार म्हणजे नखासारखं टणक तपकिरी झाकण. त्या घरच्या बाईंनी शंख उकळले, झाकणाजवळ सुरी खुपसून मनगटाला पीळ दिला आणि गोळा बाहेर ओढला. मागचा मऊ, हिरवट भाग काढून टाकला. उरला तो पाय, हस्तिदंती रंगाचा, कडेला काळसर ठिपके. पातळ काप करून मिरी-कांद्यात परतले. चव कालवांच्या जवळची पण गोडसर, आणि चिवट इतका की बोलणं थांबवून चावावं लागतं. तिसऱ्या आणि खुब्यांवर वाढलेल्या माणसाला त्यात शिसारी यावी असं काही नव्हतं.

हे सगळं मी सांगितलं नाही. अर्ध्यावरच काका म्हणाले, "आपण पूजतो त्याला, खात नाही." मग नेहमीच्या सवयीने त्यांनी मागच्या फडताळातली बाटली काढली आणि दोन गोळ्या तोंडात टाकल्या. उंधियो जड पडतो.

बाटलीवर लिहिलं होतं, शंखवटी.

मी बाटली हातात घेतली, घटकांत शंखभस्म वाचलं आणि काहीही न बोलता त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"हे औषध आहे," ते म्हणाले. "आणि हे कवच. मांस नाही."

मुद्दा बरोबर होता. पण मावशी स्वयंपाकघरात जाऊन हसली, ते ऐकू आलं.

शुक्रवार

सकाळी सेवउसळ खाऊन विद्यापीठात गेलो. पुरातत्त्व विभाग इथे १९५०पासून आहे आणि गुजरातेतल्या हडप्पाकालीन वस्त्यांवर या लोकांनी केलेलं काम मोठं आहे. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीने विभागाचं छोटं संग्रहालय दाखवलं. संग्रहालय म्हटल्यावर आपण जी भव्यता डोळ्यापुढे आणतो तसं काही नाही. पण दोन तास कधी गेले कळलं नाही.

द्वारकेजवळचं नागेश्वर. ज्योतिर्लिंग म्हणून आपल्याकडचे लोक जातात, दर्शन घेतात, परत येतात. देवळाजवळच साडेचार हजार वर्षांपूर्वीची वस्ती होती आणि तिचा धंदा एकच, शंख. बडोद्याच्या मंडळींनीच ती खणली. दोन जाती तिथे मुख्य. एक आपला पूजेचा शंख, त्याची कंकणं व्हायची. दुसरा अंगभर काटेरी फांद्या फुटलेला मोठा मुरेक्स, त्याच्या पळ्या व्हायच्या. कोणत्या जातीतून काय निघेल हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मुरेक्सचं पोट फुगीर, म्हणून पळी. शंख आतून घट्ट पिळलेला आणि भिंतीने जाड, म्हणून कंकण.

आखाताच्या आतल्या अंगाला मोरबीकडे बगसरा आहे, तिथल्या टेकाडाला गोळा धोरो म्हणतात. तिथे १९९६पासून उत्खनन झालं. तटबंदीच्या आत कारागिरांची जागा होती, न फोडलेल्या शंखांचे ढीग रचलेले तसेच सापडले आणि अर्धवट कंकणांचे तुकडे तर हजारोंनी. कच्चा माल आणून ठेवलाय, कामगार जेवायला गेलेत, असं दुकान.

तिने मला कंकणाचा एक तुकडा जवळून पाहायला लावला. साधं पांढरं वळं, पण एका ठिकाणी बारीक व्ही कोरलेला. मी म्हटलं, नक्षी. "नक्षी आहेच," ती म्हणाली, "पण जागा बघा." शंखाचा एक वेढा दुसऱ्यावर चढतो तिथे सांधा असतो. शंख आडवा कापला की गोल पुरा जुळत नाही, त्या जागी एक पायरीसारखी खोट राहते. व्ही नेमका त्या खोटेवर. हजारेक किलोमीटरवरच्या हडप्पापर्यंत हीच खूण. फाटलेल्या जागी वेलबुट्टी काढणारी माझी आजी मला आठवली.

आणि करवत. ब्राँझची, पातं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कापाच्या रेघांवरून अमेरिकन संशोधक जोनाथन मार्क केनॉयर यांनी ते काढलं. अलीकडेपर्यंत बंगालचे शांखारी अर्धचंद्राकृती करवत दोन्ही हातांनी ओढत, शंख पायांत अडकवून कंकणं कापत असत, तिचीच ही पणजी. ढाक्याच्या शांखारींच्या धंद्यात शंखांच्या जातींना नावं होती. तितपुटी, रामेश्वरी, जहाजी आणि एक चक्क ‘सुरती’. बंगालच्या सवाष्णीच्या हातात गुजरातचं नाव.

"मांस खायचे का हो हे लोक?" मी विचारलंच.

ती हसली. "तुम्ही कोकणातले ना? कोकणातला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो." मग म्हणाली की कवच कापायचं तर आधी आतला गोळा बाहेर काढावाच लागतो, एक तर शिजवून नाहीतर कुजवून. मी मनातल्या मनात शिजवूनला मत दिलं. एवढे ढीगच्या ढीग शंख कुजवत ठेवणाऱ्या गावात राहणार कोण?

दुपारी मांडवीत. इथे जडीबुटी आणि पूजेचं सामान विकणाऱ्याला गांधी म्हणतात. एका गांधीकडे नखला मागितला. त्याने वर न बघता बरणीतून मूठभर काढून कागदावर ओतला. वाकड्या, तपकिरी, एका बाजूला चकचकीत अशा चकत्या, मोठ्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या. आपल्या धूप-उटण्यांच्या जुन्या पाठांत नखला असतोच. पण तो कशाचा, असं विचारलं तर दहातले नऊ जण वनस्पती सांगतील. ते त्या मुरेक्सच्या जातीतल्या गोगलगायींचं दार आहे. प्राणी खाऊन झाला की झाकण सुगंधाच्या बाजारात.

"वास दाखवा जरा," मी म्हटलं. त्याने चिमट्यात धरून एक चकती मेणबत्तीवर धरली. केस जळल्याचा वास सुटला. "एकटा असाच," तो गुजरातीत म्हणाला, "बाकीच्यांत घातला की त्यांना धरून ठेवतो." पन्नास ग्रॅम घेतला. घरी मावशीला काय आहे ते सांगितल्यावर तिने पुडी देवघराऐवजी गॅलरीत ठेवायला लावली.

शनिवार

थोडक्यात उरकतो, कारण संध्याकाळचं महत्त्वाचं आहे.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिला. कितव्यांदा ते आठवत नाही, तरी दरवेळी पाय थांबतात. राजवाड्याबद्दल हजार ठिकाणी लिहिलंय, माझी भर नको. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मात्र तासभर बसलो. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून ही ग्रंथालयांची घडी बसवली. इथली पुस्तकांची मांडणी लोखंडी आणि मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या आहेत. वरून कुणी चाललं की खाली सावली सरकते. तिथे बसून मी मोबाईलवर स्कॅन केलेला अहवाल वाचत होतो. शेजारी मराठी मासिकं चाळणाऱ्या आजोबांनी एकदा मोबाईलकडे आणि एकदा कपाटांकडे पाहिलं. बोलले काही नाहीत, पण मला समजलं.

अहवाल जेम्स हॉर्नेल यांचा. सिलोनच्या मोत्यांच्या कामातला हा माणूस, त्याला बडोदे सरकारने ओखामंडळचा समुद्र तपासायला बोलावलं. मोती, शंख यांतून संस्थानाला काय मिळेल हा हिशेब. पहिला भाग १९०९चा, दुसरा १९१६चा. मधल्या काळात, १९१४मध्ये, त्याने भारतातल्या शंखावर वेगळं पुस्तकच लिहिलं. साहेबाने उथळ पाण्यातल्या स्पंजांपासून किड्यांपर्यंत सगळं टिपलंय. महाराजांच्या दप्तरात असा कागद येऊन पडला असेल तेव्हा दिवाणांनी त्यातलं कितपत वाचलं असेल, हा माझा आपला प्रश्न.

परतताना सूरसागर. तळ्यामधला तो उंच शंकर. शंखाचं पाणी सगळ्या देवांना चालतं, यालाच चालत नाही. त्याने शंखचूड दैत्याला मारलं आणि त्याच्या हाडांचे शंख झाले, म्हणून. पुराणकारांनी शंखाला हाडं म्हटलं, म्हणजे कधीतरी तो जिवंत होता हे त्यांना मान्य होतं. आम्हीच विसरलो.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर काकांनी मखमलीसकट शंख माझ्या हातात दिला.

आधी उजवं-डावं. या बाबतीत शास्त्र आणि धर्म यांचं जमत नाही. शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर धरतो आणि तोंड आपल्याकडे. मग नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं. पूजेत धरताना नळी वर. मग तोच शंख डावा, म्हणजे वामावर्ती. त्यामुळे काकांचा ‘दक्षिणावर्ती’ माझ्या वहीत डावरा. दोघंही बरोबर, धरण्याचा फरक. हा शंख खरोखर उलट वळणाचा होता, त्यात काही लबाडी नव्हती. वजनाला खरा. कडेला वाढीच्या बारीक रेघा. प्लास्टर नक्कीच नाही.

मग तोंडात तर्जनी घातली आणि आतल्या खांबावरून फिरवली.

आपल्या पूजेच्या शंखाच्या खांबावर तीन-चार आडवे कंगोरे असतात. लपत नाहीत, बोटाला पायऱ्यांसारखे लागतात. अडणीवरच्या जुन्या शंखात ते होते. यात नव्हते. आतून वाटीसारखा गुळगुळीत, आणि खांब नळीकडे लांबट उतरत गेलेला. खांद्यावर बोथट गाठी, अंगावर विजेसारख्या नागमोडी तपकिरी रेघा.

हा भारतातला नव्हेच. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात मिळणारी ही एक मोठी गोगलगाय. तिचं वळण जन्मजात डावरं, म्हणजे आपल्या हिशेबात सगळ्याच्या सगळ्या दक्षिणावर्ती. आपल्याकडे जे लाखांत एखादं, ते तिथे सरसकट. टेक्सासने तर १९८७मध्ये तिला राज्याचा अधिकृत शिंपला केलं. आणि हो, तिकडे ती खातात. मूळ रहिवासी पूर्वापार खात आले, कवचाचे पेले करत आले.

"काय रे?" काका समोर बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. "खरा?"

मी शंख पुन्हा एकदा फिरवला. वर्गात पोरं उत्तर येत नसलं की वहीची पानं उलटतात, तसा.

"खरा शंख आहे, काका. प्लास्टर नाही. वळणही उलटंच आहे."

तीन वाक्यं, तिन्ही खरी. काका उठले आणि गॅलरीतून समोरच्या घराकडे बघत उभे राहिले. तिकडे दिवे बंद होते. कुठेतरी लग्नाला गेले होते म्हणे.

रविवार

गाडी दुपारची. सकाळी लवकर जाग आली तर मोरीत मावशी देवाची भांडी घासत बसलेली. ताम्हण, पंचपाळं, निरांजन, शेवटी दोन्ही शंख. आधी जुना घेतला. आत बोट घालून पाणी फिरवलं, उपडा केला. मग नवा.

"याच्यात घाण बसत नाही," ती म्हणाली. "जुन्यात त्या कंगोऱ्यांत चंदन अडकतं. काडी घालून काढावं लागतं. याच्यात काही नाहीच अडकायला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती शंखाकडे बघत होती.

"तुला कधीपासून माहितीय?"

"आणल्यावर पहिल्याच आठवड्यात. रोज धुते कोण?"

"मग बोलली नाहीस?"

"एकवीस हजार देऊन आल्यावर काय बोलायचं? शंख ते, की मी?" मराठीत शंख म्हणजे ढ, हे बडोद्यातही चालतं तर. "काल तुझा चेहरा बघितला मी. चांगलं बोललास. कुठला आहे तो?"

सांगितलं. अमेरिकेचा, टेक्सासकडचा.

तिने हात थांबवला. "ह्यूस्टन टेक्सासातच ना रे?"

"हो."

"निनादकडचा!" ती म्हणाली आणि पदराने शंखाचं तोंड आतून-बाहेरून कोरडं केलं. धुतल्यावर जुन्याला तिने असं पुसलं नव्हतं, नुसता उपडा घातला होता. मग मखमलीची घडी झटकली आणि शंख वर ठेवला, जरासा तिरका, तोंड दाराकडे करून.

स्टेशनवर काका सोडायला आले. पिशवीत लीलो चिवडा, भाकरवडी, वेंगुर्ल्याला आईसाठी वेगळी पुडी. गाडी यायला वेळ होता.

"समोरच्यांना सांगितलं सकाळी," ते म्हणाले. "जीवशास्त्राच्या प्रोफेसरने स्वतः बघितलाय म्हटलं. गप्प बसले."

मी ज्युनियर कॉलेजातला, प्रोफेसर नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी कोटाच्या खिशातून एक बाटली काढून माझ्या हातात दाबली. शंखवटी. नवी, सील न फोडलेली.

"रात्री दोन घे. गुरुवारचा उंधियो अजून पोटात असेल." मग जरा थांबून, घाटावरच्या माणसाने कोकणातल्याला मारावा तसा टोमणा मारला, "तुला तर चालतंच."